बावटा पुळणीवरही लागू दे

कोकणकिनाऱ्यावरच्या सर्व ग्रामपंचायतींचे सरपंच, उपसरपंच, सदस्य आणि ग्रामस्थ मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान गावात, पुळणीला, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूला, लागून राहतो. घराला मागच्या बाजूने चार खोल्या वाढवून पाहुण्यांची राहण्या-जेवणाची सोय करतो. त्यावर माझं घर चालतं, म्हणजे पर्यटक आले नाहीत तर माझीही चूल मंदावते. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे मागणार आहे ते ऐकून कुणाला वाटेल की या माणसाला पर्यटक नकोसे झालेत.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट आहे. संकष्टीचा दिवस. आभाळ निरभ्र, वारा जेमतेम माडाची झावळं हलवण्याइतका. मोबाइलवरच्या हवामानात नुसता पिवळा सूर्य. सकाळी सहाला मी नेहमीप्रमाणे ओट्यावरचा फळा पुसला आणि खडूने लिहिलं: 'ओहोटी सकाळी ९, भरती दुपारी ३. लाट सव्वा मीटर, १७ सेकंद, नैर्ऋत्येकडून. वारा मंद. आज पाण्यात उतरू नये. गुडघाभर पाण्यातही नाही.' आमच्याकडे उतरलेल्या दोन्ही कुटुंबांनी तो वाचला, थोडी हळहळ केली आणि घावन खायला बसली.

नऊच्या सुमारास पुळणीवरून ओरडा ऐकू आला.

सुरूच्या बनातून जी पायवाट खाली उतरते, तिथून एक कुटुंब आलं होतं. घाटावरची माणसं. आई वाळूत चादर पसरून बसलेली, वडील आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी पाण्यात. उजवी-डावीकडे लाटा फुटत होत्या, मधे एक पट्टा शांत होता. लेकीला घेऊन जायचं म्हणून त्यांनी मुद्दाम ती शांत जागा निवडली होती. दहा मिनिटं तिथलं पाणी तळ्यासारखं होतं. मग पाठोपाठ पाच-सहा लाटा आल्या. पहिलीने मुलीचे पाय उचलले, दुसरी ओसरताना बापलेक दोघांना घेऊन गेली.

त्या दिवशी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागलेली होती, म्हणून दोर ओढायला माणसं जमलेली. एकाने रापणीचाच दोर कमरेला बांधून पाण्यात उडी घेतली. आमचा जीवरक्षक मुलगा रिंग घेऊन बाजूने पोहत गेला. दोघंही हाती लागली. मुलगी ओकली, मग मोठ्याने रडायला लागली, आणि तिचं रडणं ऐकून आम्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला.

नंतर ती मंडळी आमच्या ओट्यावर येऊन बसली. वडिलांचे हात इतके कापत होते की चहाचा कप बशीवर वाजत होता. त्यांची नजर फळ्यावर गेली. त्यांनी तो सावकाश, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि मला विचारलं, "काका, हे तिकडे पुळणीवर कुठे लिहिलेलं असतं का?" आवाजात राग नव्हता. आपलंच वाचायचं राहून गेलं का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्यांच्या शर्टाच्या खिशात आमच्या पंचायतीची गाडी लावल्याची पावती होती, भिजून लगदा झालेली. गावाच्या वेशीवर आम्ही त्यांना थांबवलं होतं, पैसे घेतले होते, पावती दिली होती. समुद्र आज कसा आहे, हे मात्र सांगितलं नव्हतं.

मला उत्तर देता आलं नाही. ते उत्तर म्हणून हे पत्र.

माझे वडील बंदरावर नोकरीला होते. हवामान खात्याकडून तार आली की डोलकाठीवर बावटा चढवणं हे त्यांचं काम. दिवसा बावटा, रात्री दिवे. 'तीन नंबर लागला' (वादळी वाऱ्याच्या इशाऱ्याचा नंबर) एवढे तीन शब्द भंडारवाड्यापासून खारवीवाड्यापर्यंत अर्ध्या तासात पोचत. ज्याला अक्षर वाचता येत नसे त्यालाही बावटा वाचता येत असे. तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, मान वर करून डोलकाठीकडे बघायचा आणि होडी पुन्हा वर ओढून घ्यायचा. त्या काळी पाण्यात जाणारा माणूस बंदरातून जात होता, म्हणून बावटा बंदरात लागत होता. आज पाण्यात जाणारी बहुतेक माणसं पुळणीवरून जातात. बावटा मात्र अजून बंदरातच आहे.

मंडळी, अंदाज नाहीत अशी स्थिती नाही. हैदराबादला इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था आहे, समुद्राच्या माहितीचं काम करणारी. लाटेची उंची, तिचा काळ, दिशा, वारा, पाण्याचा प्रवाह यांचे पुढच्या काही दिवसांचे अंदाज ती रोज देते, फुकट देते. आपल्या रत्नागिरीसमोरच्या पाण्यात लाटा मोजणारा पिवळा तरंगता गोळा तिने नांगरून ठेवला आहे, तो चढ-उतार मोजून कळवत राहतो. मुंबईचं हवामान केंद्र मच्छीमारांसाठी इशारे देतं. वीज कुठे पडते आहे ते 'दामिनी' ॲपवर दिसतं. विंडीसारख्या ॲपवर कोणीही बोट फिरवून आपल्या गावासमोरची लाट पाहू शकतो. हैदराबादहून निघालेली माहिती आपल्या खिशातल्या फोनपर्यंत येते. गाडीतळापासून पाण्यापर्यंतच्या शेवटच्या दोनशे पावलांत ती हरवते, आणि ती दोनशे पावलं आपल्या हद्दीत आहेत.

आता त्या फळ्यावरच्या '१७ सेकंद' या शब्दांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळी मेख तिथे आहे. दोन लाटांच्या माथ्यांमधे किती सेकंद जातात तो लाटेचा काळ. दुपारी आपल्या इथला वायव्येचा वारा सुटला की समुद्र खवळलेला दिसतो, पांढरे घोडे उसळतात. त्या लाटेचा काळ पाच-सहा सेकंदांचा असतो. ती दिसायला रागीट, पण तिचा जोर वरवरचा. एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंत तिची लांबी चाळीस ते पंचावन्न मीटर. १७ सेकंदांच्या लाटेची हीच लांबी खोल समुद्रात साडेचारशे मीटर असते. खोल पाण्यात ती डोळ्याला दिसतही नाही, होडीतल्या माणसाला नुसतं कुणी हळूच वर उचलून ठेवल्यासारखं होतं. उथळ पाण्यात तळ लागला की मात्र ती उभी राहते. खोल पाण्यातली मीटरभर उंचीची लाट सहा सेकंदांची असेल तर फुटताना सव्वा मीटरच्या आसपास राहते. तीच १७ सेकंदांची असेल तर फुटताना जवळजवळ दोन मीटर होते, आणि तिच्या पाठीमागे पाणीही कितीतरी जास्त असतं. म्हणून नुसती उंची सांगून भागत नाही.

ही लांब लाट आपल्या आभाळाखाली जन्मत नाही. आफ्रिकेच्या खाली, दक्षिण महासागरात, जिथे वर्षभर वादळं घोंघावत असतात, तिथून ती निघते. तासाला पन्नासएक किलोमीटर या चालीने सात-आठ हजार किलोमीटर कापत ती आठवड्याभराने कोकणात पोचते. एप्रिल-मे महिन्यांत, आपल्याकडे पान हलत नसताना, ती येते. केरळातले लोक अशा लाटांच्या उधाणाला 'कल्लाक्कडल' म्हणतात. कल्लन म्हणजे चोर आणि कडल म्हणजे समुद्र, चोरपावलांनी येणारा समुद्र. थंडीतही असंच एक पाहुणं येतं. इराणच्या आखातावर शमाल नावाचे वारे सुटले की त्यांनी उठवलेल्या लाटा वायव्येकडून आपल्या किनाऱ्याला लागतात. तेव्हाही आपल्याकडे ऊन स्वच्छ असतं. पाऊस-वारा सांगणाऱ्या ॲपमधे यांतलं काही दिसत नाही. पुण्या-कोल्हापूरच्या माणसाने तो पिवळा सूर्य बघून समुद्र चांगला असेल असं धरलं, तर त्यात त्याची काय चूक? त्याच्या गावात आभाळ आणि पाणी यांचं नातं सरळ असतं.

या लाटा झुंडीने येतात. पाच-सहा मोठ्या, मग आठ-दहा मिनिटं शांतता, मग पुन्हा झुंड. पुळणीवर पहिल्यांदा पाय ठेवणारा त्या शांततेत पोचला तर त्याला समुद्र गरीब वाटतो. शिवाय अंदाजात जी उंची दिलेली असते ती सगळ्यात मोठ्या लाटेची नसते. मोठ्यातल्या मोठ्या एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. काही तासांत एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पट येऊ शकते. ही गोष्ट मला स्वतःला कळायला पन्नाशी उलटावी लागली, तोवर मी 'एक मीटर' म्हणजे एक मीटरच समजत होतो.

राहिली ती शांत पट्टी. आपल्याकडे म्हणतात, 'तिथे पाण्याला ओढ आहे.' लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी कुठून तरी परत जायला हवं. पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यात जिथे खिंड असते तिथून ते एकवटून बाहेर पडतं. तिथे खोली जास्त, म्हणून लाटा फुटत नाहीत. वरून ती जागा गुळगुळीत, काळपट आणि सुरक्षित दिसते, आणि पोहता न येणारा माणूस, मुलाबाळांना घेऊन, नेमका तिथेच उतरतो. ओहोटीला दांडे उघडे पडू लागले की खिंडीतली ओढ वाढते. जोरावर असली की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तिच्या विरुद्ध हात मारता येत नाही. तिच्यात सापडलेल्याने किनाऱ्याकडे झेपावायचं नसतं. तरंगत राहायचं, हात वर करून हाक मारायची, आणि ओढ सैल झाली की किनाऱ्याला समांतर बाजूला सरकून मग फुटत्या लाटांबरोबर परत यायचं. ती रुंदीला फार नसते. हे आपल्या गावातल्या दहा वर्षांच्या पोराला ठाऊक असतं. आपण ते कुणाला सांगत नाही, कारण सगळ्यांनाच माहीत असेल असं आपल्याला वाटतं.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगडातल्या मुरूडला पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीला बेळगावहून सहलीला आलेले महाविद्यालयातले ८ जण गेले. एक फेब्रुवारीत, एक एप्रिलात. दोन्ही वेळा पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं, मासेमारी चालू होती. आपण १ जूनपासून होड्या वर घेतो, त्याच सुमाराला पाण्यातले खेळ बंद करतो, आणि मग उरलेले आठ-नऊ महिने समुद्र उघडा आहे असं धरून चालतो. समुद्र असा तारखेवर उघडत-मिटत नाही, हे तुम्हा-आम्हाला का सांगायला हवं?

आणि ६ मे २०२४. कन्याकुमारी जिल्ह्यातल्या लेमूर किनाऱ्यावर वैद्यकीय शिक्षणाचे ५ विद्यार्थी बुडाले. दक्षिणेकडून येणाऱ्या लांब लाटांचा इशारा इन्कॉइसने त्या दिवसांत दिलेला होता. इशारा होता आणि लाटही होती. त्या दोहोंमधे उभं राहून सांगणारं जे कुणी असायला हवं, त्याबद्दल मी लिहितो आहे.

वादळाच्या वेळी आपण हे करून दाखवलेलं आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-अलिबागकडे आलं, वर्षभरात मे महिन्यात तौक्ते किनारा घासत गेलं. दोन्ही वेळी रिक्षा फिरली, भोंगे वाजले, शाळा उघडल्या, माणसं हलवली. घरांची, बागांची वाताहत झाली, पण पुळणीवर उभा राहून लाटा बघणारा माणूस त्या दिवशी नव्हता. इशारा घरोघर कसा पोचवायचा ते आपल्याला येतं. साध्या रविवारसाठी आपण ते कधी केलं नाही, एवढंच.

आता तुमच्याकडे मागणं. पुळणीवर उतरणाऱ्या प्रत्येक वाटेच्या तोंडाशी एक काळा फळा हवा. मुख्य रस्त्यावर एक लावून चालणार नाही. सुरूच्या बनातली वाट, स्मशानाकडची वाट, रिसॉर्टच्या मागची वाट, जिथून म्हणून माणूस उतरतो तिथे हवा. त्यावर रोज सकाळी सातच्या आत त्या दिवसाची भरती-ओहोटी, लाटेची उंची आणि काळ, वारा, आणि सर्वांत खाली ठळक अक्षरांत एक निर्णय: आज उतरा, आज घोट्यापर्यंतच, किंवा आज अजिबात नाही. ज्या दिवशी 'अजिबात नाही', त्या दिवशी फळ्याशेजारी आणि पुळणीवर लाल बावटा. जिथे ओढीची खिंड दिसते तिथे दोन्ही बाजूंना काठ्या रोवून त्यांवरही लाल फडकी. खिंड सरकली की काठ्या सरकवायच्या.

फळा म्हटला की तुमच्यातले काही म्हणतील, बोर्ड आहे की आमच्याकडे. 'समुद्रात पोहणे धोक्याचे आहे, आदेशावरून.' आमच्याकडेही आहे, गंजून त्यातला 'धो' गेला आहे. तो जानेवारीतल्या आरशासारख्या पाण्यातही तेच सांगतो आणि जुलैतल्या चार मीटरच्या लाटेतही तेच सांगतो. रोज तेच सांगणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, माणसाचंही नाही. ओल्या खडूने आज सकाळी लिहिलेलं अक्षर मात्र माणूस थांबून वाचतो. माझ्या ओट्यावर मी सहा वर्षं हे बघतो आहे. पाहुणे फळ्याचा फोटो काढतात, मुलं मला 'काळ म्हणजे काय' असं विचारतात, आणि 'आज नको' लिहिलेलं असेल तर आजवर एकाही कुटुंबाने माझ्याशी वाद घातलेला नाही. उद्या किती वाजता यायचं ते विचारतात आणि किल्ला बघायला जातात. मुक्काम एक दिवसाने वाढवलेलेही आहेत, संध्याकाळची भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची, भरती सापडावी म्हणून.

हा फळा हैदराबादहून किंवा मुंबईहून कुणी लिहून पाठवू शकणार नाही, तो गावातच लिहावा लागेल. इन्कॉइसचा इशारा येतो तेव्हा त्यात 'मालवण ते वसई' असा पट्टा असतो. त्या एका ओळीत किती पुळणी मावतात बघा. एखादी पुळण दक्षिणेकडच्या डोंगराच्या आडोशाला असते, नैर्ऋत्येची लाट तिथे अर्धीही पोचत नाही. शेजारची सरळ, उघडी पुळण तीच लाट छातीवर घेते. कुठे खाडीचं मुख आहे, तिथे ओहोटीचं पाणी खाडीतून सुटतं तेव्हा वेगळीच ओढ लागते. कुठे नव्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्यामुळे वाळूचा दांडा सरकला आहे. हे ज्याच्या पायाखाली आहे त्यालाच कळणार. माझा अंदाज मीही निम्मा फोनवर बांधतो, निम्मा ओट्यावरून उतरून पाण्याजवळ दहा मिनिटं उभं राहून. दोनदा असं झालं की फोन म्हणत होता शांत, आणि पहाटेपासून गाज जड लागत होती. मी गाजेवर विश्वास ठेवला. दोन्ही वेळा दुपारपर्यंत लाट वाढलेली होती. उलटही झालं आहे, 'नको' लिहिलं आणि दिवसभर समुद्र निवांत राहिला. त्या दिवशी माझं काय गेलं? पाहुण्यांनी जेवून झोपा काढल्या.

भरतीची वेळ काढायला तर फोनही लागत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांचा हिशेब अजून चालतो: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा, त्या सुमारास पूर्ण भरती. तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. गावागावात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, तो तांडेलाला विचारून एकदा जमवून घ्यावा, किंवा छापील कोष्टक घ्यावं. शाळेतल्या सातवीच्या मुलांकडून हा हिशेब रोज करून घेता येईल, त्यांना गणित आणि गाव दोन्ही समजेल. पुनवेच्या, अवसेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, हेही फळ्यावर लिहावं. उधाणाच्या दिवसांत पाणी भराभर चढतं. पुळणीवर मोटार नेऊन रुतलेली आणि चढत्या पाण्याने वेढलेली मंडळी दर सुट्टीला आपण ट्रॅक्टर लावून ओढतो. भरतीची वेळ समोर लिहिलेली असेल तर निदान त्यातली निम्मी तरी वाचतील.

दुसरी गोष्ट पावतीची. स्वच्छता कर म्हणा, गाडीतळाचे पैसे म्हणा, पावती फाडणारा माणूस प्रत्येक गाडीच्या काचेशी वाकतोच. त्याने तेवढ्यात एक वाक्य बोलावं, 'आज पाण्याला ओढ आहे, फक्त पाय भिजवा,' आणि पावतीच्या मागच्या बाजूला ओढीत सापडलं तर काय करायचं ते चार ओळींत छापलेलं असावं. छपाईचा खर्च एकदाच. शहाळीवाला, घोडागाडीवाला, भेळवाली काकू, रिक्षावाले, आम्ही घरगुती सोय करणारे, सगळ्यांच्या तोंडी सकाळी सातला तेच वाक्य असलं पाहिजे. पर्यटक एकाचं ऐकत नाहीत, सहा जणांकडून तेच कानावर पडलं की ऐकतात.

जीवरक्षकांबद्दल थोडं लिहायलाच हवं. तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्यात गेलं की २००८ पासून तिथल्या किनाऱ्यांवर 'दृष्टी' या कंपनीचे जीवरक्षक आहेत, लाल-पिवळ्या झेंड्यांमधे पोहायची जागा आखलेली असते, लाल झेंडा लागला की पाण्यात जायचं नाही हे पर्यटकाला माहीत झालं आहे. एकाच समुद्राच्या कडेला, खाडीच्या अलीकडे-पलीकडे एवढा फरक का असावा? आपल्याकडे गावातलीच मुलं हे काम करतात, एका-दोघांवर अख्खी पुळण. त्या संकष्टीला जो मुलगा पाण्यात गेला त्याचं मानधन त्या दिवशीपर्यंत दोन महिने थकलेलं होतं. त्याने ते कुणाला बोलून दाखवलं नाही, त्याच्या आईने मला सांगितलं. वेशीवर जमणाऱ्या पैशांतला पहिला वाटा या मुलांचा असावा, त्यांचा विमा असावा, आणि 'आज अजिबात नाही' हा निर्णय देण्याचा अधिकार त्यांनाच असावा. पुळणीवर उभं कुणाला राहायचं असतं, तेही बघावं.

अंदाज चुकला तर जबाबदारी कोणाची, असं आमच्या एका बैठकीत विचारलं गेलं. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की फळ्यावर 'अंदाज' हा शब्द लिहावा, वेळ लिहावी, लिहिणाऱ्याने सही करावी आणि दुपारी बाराला पुन्हा एकदा बघून बदल असेल तो करावा. वडिलांनी चढवलेल्या बावट्यानंतर कित्येकदा वारं फिरकलंसुद्धा नाही. गावाने त्यांना त्याचा जाब कधी विचारला नाही. बावटा न लावता वारं आलं असतं तर मात्र ते स्वतःच बंदरावर तोंड दाखवू शकले नसते.

आणि पर्यटक पळतील ही भीती. मी याच धंद्यात आहे, म्हणून अधिकाराने सांगतो. गावाचं नाव बुडालेल्या माणसांच्या बातमीत येतं तेव्हा चार आठवडे फोन वाजत नाही. आपल्या जिल्ह्यात वाचलेल्या माणसाची बातमी कधी होत नाही, पण तो माणूस पुढच्या वर्षी परत येतो. त्या दिवशीचे ते गृहस्थ दिवाळीत परत येऊन गेले. मुलगी सोबत होती. पाण्याजवळ जायला ती आधी तयार नव्हती. मी तिला फळ्याजवळ नेलं, खडू हातात दिला आणि त्या दिवसाचे आकडे सांगितले. तिने लिहिले. लाट अर्धा मीटर, सात सेकंद. मग ती बापाचा हात धरून घोट्याभर पाण्यात जाऊन आली.

२ ऑक्टोबरला आपल्या सगळ्यांच्या ग्रामसभा आहेत. त्यानंतर लगेच दिवाळीची सुट्टी लागते, म्हणजे हंगामाच्या आधीची हीच सभा. प्रत्येक गावाने त्या दिवशीच्या विषयपत्रिकेवर फळा, बावटा आणि जीवरक्षकांचं मानधन एवढे तीन विषय घालावेत अशी हात जोडून विनंती आहे. आमच्या गावात हा विषय मी स्वतः मांडणार आहे. सहा वर्षांच्या माझ्या वह्या आहेत, रोजचा अंदाज आणि शेजारी त्या दिवशी प्रत्यक्ष समुद्र कसा होता ते लिहिलेलं. कुणाला उपयोगी पडत असतील तर खुशाल न्याव्यात. लाटेचा काळ कसा वाचायचा, खिंड कशी ओळखायची हे तुमच्या गावातल्या मुलांना दाखवायला मी एसटीने येईन, माझ्या खर्चाने येईन, फक्त ओहोटीच्या वेळेला बोलवा. खिंड तेव्हाच नीट दिसते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पुळणीकाठचा एक घरमालक
रत्नागिरी जिल्हा